बीजगणिताला हलते रूप देणारे ‘जिओजेब्रा’

भूमिती आणि बीजगणित या विषयांच्या इंग्रजी नावांच्या जोडणीतून ‘जिओजेब्रा’ हे नाव तयार झाले. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून या गणिती सॉफ्टवेअरची निर्मिती सुरू केली. अध्यापनासाठी ते विनामूल्य वापरता येते.

सहावी ते आठवीच्या वर्गांत बीजगणितातील अक्षरांशी मुलांची ओळख होते. ‘क्ष’ म्हणजे शोधून काढायची दडलेली संख्या, एवढाच अर्थ अनेकांच्या मनात पक्का होतो. बदलती राशी, म्हणजेच ‘चल’, ही कल्पना निसटते आणि बीजगणित हा अक्षरांचा कोरडा खेळ वाटू लागतो.

जिओजेब्रामध्ये य = मक्ष + क या स्वरूपाचे समीकरण लिहिताच पडद्यावर सरळ रेषा उमटते. ‘म’ आणि ‘क’ यांच्या किमती ‘स्लायडर’ सरकवून बदलता येतात. ‘म’ २ वरून ५ केल्यास रेषा अधिक उभी होते. ऋण केल्यास ती डावीकडून उजवीकडे उतरू लागते. ‘क’ बदलल्यास मात्र चढ कायम राहतो, रेषा केवळ वर-खाली सरकते. आलेखाच्या कागदावर अशा दहा रेषा काढण्यातच तास संपून जातो.

तथापि, स्लायडर नुसता सरकवत राहिल्याने गणित समजत नाही. रेषा कोठे जाईल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत काढावा, मग तो पडद्यावर पडताळावा आणि चुकल्यास कारण शोधावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्गात एकच संगणक असला तरी हे साधते. बदल यंत्राने दाखवला, तरी तो ‘का’ झाला हा प्रश्न शिक्षकालाच विचारावा लागतो.