लॅपटॉपची बॅटरी किती तास? खोक्यावरचा आकडा आणि कमलनगरची कसोटी

नव्या लॅपटॉपच्या खोक्यावर ‘अठरा तासांची बॅटरी’ अशा धर्तीचा मजकूर ठळक अक्षरांत छापलेला असतो. हा आकडा खोटाच असतो असे नाही. मात्र तो कोणत्या परिस्थितीत मोजला, हे तळटीपेतील बारीक अक्षरांत दडलेले असते. दिवसभर वीज असलेल्या शहरात आकडा आणि अनुभव यांतील अंतर फारसे बोचत नाही. बिदर जिल्ह्याच्या उत्तर भागात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या कमलनगरसारख्या ठिकाणी मात्र ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत पार पडणार की नाही, हे त्या अंतरावर ठरू शकते.

कमलनगर पूर्वी औराद तालुक्यात होते. आता तो स्वतंत्र तालुका आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा येथील घराघरांत आहेत, आणि विकाराबाद–परळी रेल्वेमार्गावरील या गावाची बाजारपेठ एकीकडे उदगीरला, तर दुसरीकडे भालकी-बिदरला जोडलेली आहे. वीजपुरवठा कलबुर्गीच्या ‘जेस्कॉम’ कंपनीकडे आहे. कर्नाटकात ‘निरंतर ज्योती’ योजनेत गावठाणाचे आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे करण्यात आले; गावातील घरांना अखंड वीज आणि पंपांना ठरावीक तास थ्री-फेज पुरवठा, असा तिचा हेतू. परंतु गावाबाहेर शेतातील आखाड्यावर राहणारी कुटुंबे बहुधा पंपांच्याच फीडरवर असतात. अशा घरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने लॅपटॉप किती तास चालतो हा अर्धाच प्रश्न होय. वीज आली असता तो किती वेगाने भरतो, हा उरलेला अर्धा.

बॅटरीचा खरा आकडा तासांत नसतो, वॅट-तासांत असतो. पन्नास वॅट-तासांची बॅटरी म्हणजे पन्नास वॅट-तासांचा साठा. पडदा मंद ठेवून केवळ टंकलेखन केल्यास यंत्र सुमारे 5 वॅट खर्च करू शकते, म्हणजे साठा दहा तास पुरेल. वायफाय, अनेक खिडक्या आणि उजळ पडदा यांमुळे खर्च 10 वॅटवर गेला, की पाच तास. कॅमेरा चालू असलेली सभा किंवा चित्रफितीचे संपादन यांत तो 25 वॅटवर पोहोचला, तर दोनच तास. बॅटरी तीच असते. बदलते ते काम. म्हणून खरेदीपूर्वी तासांच्या जाहिरातीपेक्षा तपशीलपत्रकातील वॅट-तासांचा आकडा आधी पाहावा. (विमानप्रवासात विशेष परवानगीविना 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. मोठमोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्याही 99 वॅट-तासांच्या आसपास थांबतात, त्याचे कारण हे.)

कंपन्यांची मोजणी बहुतेकदा साठवलेला चित्रपट पुन्हापुन्हा चालवून होते. हे काम आजच्या प्रोसेसरना फार हलके असते, कारण चित्रफीत उलगडण्यासाठी त्यांत स्वतंत्र भाग असतो. पडद्याची उजळणीही बेताची, पुष्कळदा 150 निटच्या आसपास, ठेवली जाते. ओसरीवर दिवसाउजेडी बसून वाचायचे तर तेवढ्याने भागत नाही. ॲपल आपल्या तळटीपेत उजळणी तळापासून आठ पायऱ्यांवर ठेवल्याचे नमूद करते. जपानमधील ‘जेईटा’ या उद्योगसंघटनेच्या जुन्या पद्धतीत चित्रफीत चालवतानाचा वेळ आणि यंत्र नुसते चालू ठेवल्याचा वेळ यांची सरासरी छापली जाई. तिसऱ्या आवृत्तीपासून हे दोन आकडे वेगवेगळे द्यावे लागतात. ग्राहकाला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटेल. भारतात लॅपटॉपवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असते, पण ते सुरक्षिततेपुरते आहे. तासांच्या दाव्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणून मोजणी घरीच करावी, आणि ती पहिल्या दिवशी करू नये. नवे यंत्र इंटरनेटला जोडले की पहिले एकदोन दिवस पार्श्वभूमीत अद्ययावतीकरण आणि फायलींची सूची बनविण्याचे काम चालते, आणि त्यात बॅटरी भरभर उतरते. ते शांत झाल्यावर यंत्र शंभर टक्के भरावे, वायर काढावी आणि घड्याळातील वेळ वहीत लिहावी. उजळणी नेहमी ज्या जागी बसायचे तेथे डोळ्यांना पुरेल इतकी ठेवावी आणि मध्येच बदलू नये. ठरावीक टक्केवारीखाली आपोआप सुरू होणारी बचत-व्यवस्था मोजणीपुरती बंद करावी. काम मात्र रोजचेच हवे: व्याख्यान पाहणे, टिपणे काढणे, अर्ज भरणे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम होत असेल, तर मोजणीही हॉटस्पॉटवरच.

दर तासाला टक्केवारी नोंदवावी आणि वीस टक्क्यांवर थांबावे. समजा, 50 वॅट-तासांची बॅटरी शंभरावरून वीसवर यायला पाच तास लागले. म्हणजे 40 वॅट-तास पाच तासांत खर्च झाले, सरासरी 8 वॅट. पूर्ण बॅटरी सव्वासहा तास. पहिल्या दहा टक्क्यांवरून पुढचा हिशेब मांडू नये, कारण टक्केवारी हा मुळात अंदाज असतो आणि वरच्या टोकाला ती कधी रेंगाळते, कधी घसरते. कोपऱ्यात दिसणारा ‘इतके तास शिल्लक’ हा आकडा तर गेल्या काही मिनिटांच्या खर्चावर बेतलेला असतो. त्याच्या भरवशावर परीक्षेला बसू नये. हीच मोजणी वेगळ्या दिवशी पुन्हा करावी. दोन आकडे जवळ आले तरच ते खरे मानावेत. एका रात्री झाकण मिटून ठेवून सकाळी किती टक्के गळती झाली तेही पाहावे. ती दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर झाकण मिटण्याऐवजी यंत्र पूर्ण बंद करणे श्रेयस्कर.

भरण्याचा वेगही असाच मोजावा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. पुढे विद्युतप्रवाह कमी होत जातो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना बराच वेळ लागतो. वीज तासभरच मिळणार असेल, तर वीसवरून किती टक्क्यांपर्यंत मजल जाते, हा आकडा आखाड्यावरील विद्यार्थ्याला खोक्यावरील अठरा तासांहून अधिक उपयोगाचा आहे.

दुकानात अजूनही सल्ला मिळतो की, पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करा आणि महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवा. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरीला तसली ‘स्मृती’ नसते. उलट वारंवार शून्यावर नेल्याने ती लवकर थकते.

त्याहून मोठा शत्रू उष्णता. मॅकबुक 10 ते 35 अंश तापमानात वापरावे, असे ॲपल सांगते. बिदरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातील दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. कॅनडातील कॅडेक्स कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीसंग्रहानुसार, पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी 25 अंशांत वर्षभर पडून राहिल्यास तिची सुमारे 80 टक्के क्षमता उरते, तर 40 अंशांत सुमारे 65. तीच बॅटरी 40 टक्के भरून ठेवली, तर 40 अंशांतही सुमारे 85 टक्के उरते. अनेक लॅपटॉपांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. एप्रिल-मे महिन्यांत ती चालू ठेवावी आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच काढावी.

बॅटरीची मूळ प्रकृती यंत्र स्वतःच सांगते. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘पॉवरसीएफजी’, मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टंकल्यास एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॅट-तासांत मिळतात. नव्या यंत्रात ते जवळजवळ सारखे असावेत. दुसरा आकडा बराच लहान असेल किंवा ‘सायकल काउंट’ आधीच मोठा दिसत असेल, तर यंत्र वापरलेले किंवा दीर्घकाळ पडून राहिलेले असण्याची शंका घ्यावी आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी दुकान गाठावे. हा अहवाल पहिल्याच आठवड्यात छापून बिलासोबत ठेवावा. क्षमता हळूहळू घटणे अनेक कंपन्या हमीत धरत नाहीत. वर्षाच्या आतच ती अवाजवी घटली असे म्हणायचे, तर मुळात किती होती याचा कागद हाताशी हवा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. लॅपटॉप उदगीरच्या दुकानातून आणलेला असो, हैदराबादहून किंवा ऑनलाइन मागवलेला असो, कमलनगरच्या ग्राहकाला त्यासाठी बिदरच्या आयोगाकडे जाता येते. खरेदीची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही.