औषधाची पुडी आणि परवान्याचा कागद

पवनमावळांतील तिकोणा पेठ हें गांव तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. पेठ म्हणजे बाजार. आणि बाजार म्हटला कीं वाटसरू, माल व जकात हीं ओघानेंच आलीं. हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोगलांकडे गेला व पुढें १६७० मध्यें स्वराज्यांत परतला. त्या काळीं चौकीवरून माल न्यावयाचा तर दस्तक जवळ असावें लागे. गांवांत मात्र वैद्य रोग्याला ओळखी आणि रोगी वैद्याला. दोघांमध्यें कागदाचें काम नव्हतें. कागद लागे तो जेथें ओळख संपे तेथें. औषधांच्या परवान्याचा सारा इतिहास या एका गोष्टींत सांठलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ अफूपासून होतो. अफू हें वेदनेवरील जुनें औषध, आणि तेंच व्यसनाचेंही मूळ. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई, तेव्हां कंपनी सरकार दर पेटीमागें शुल्क घेऊन पास देत असे. १८४३ सालीं सिंध इंग्रजांच्या हातीं गेला, कराचीची आडवाट बंद झाली, आणि १८४७ मध्यें हें शुल्क पेटीस ४०० रुपयांवर चढलें. या पासाची दृष्टि तिजोरीकडे होती. अफू कोण खातो आणि कशासाठीं, हें तो विचारीत नसे.

विसाव्या शतकांत ही दृष्टि पालटली. १९१२ सालीं हेग येथें अफूविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. १९२५ च्या जिनीव्हा करारानें, माल मागविणाऱ्या देशाच्या सरकारचा दाखला असल्यावांचून असा माल धाडूं नये, असें ठरविलें. व्यापाऱ्याचा प्रश्न असा सुटला. पण स्वतःचें औषध खिशांत घालून निघालेल्या रोग्याचें काय? मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसंबंधीं १९७१ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या करारानें त्याचा विचार केला. प्रवाशाला स्वतःपुरतें थोडें औषध नेऊं देण्याची मुभा राष्ट्रांना मिळाली; मात्र तें कायदेशीर मार्गानें मिळविलें आहे कीं नाहीं, याची खात्री करून घेण्याचा हक्कही त्यांच्याकडेच राहिला. मुभा देणें ऐच्छिक ठरल्यामुळें एका देशांत जें औषध, तेंच दुसऱ्या देशांत अपराध ठरूं शकतें.

जपानांत ॲम्फेटामीन असलेलें औषध डॉक्टरची चिठ्ठी दाखवूनही नेतां येत नाहीं. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन किंवा ट्रामाडोल न्यावयाचें तर आगाऊ परवानगी लागते. तेथें आपल्या स्वयंपाकघरांतील खसखसदेखील निषिद्ध आहे. मुलाकडे दुबईस निघालेली मावळांतील एखादी आई गुडघेदुखीच्या गोळ्या पाकिटांतून काढून डबींत भरते आणि लाडवांना खसखस लावते. तिच्या मनांत पापाचा लवलेशही नसतो. पण नाक्यावरील अधिकाऱ्याला दिसते ती केवळ नांव नसलेली गोळी.

म्हणून गोळ्या मूळ वेष्टणांतच असाव्यात. चिठ्ठीवर रोग्याचें नांव पारपत्राप्रमाणें, औषधाचें व्यापारी नांव न देतां मूळ नांव, मात्रा, दिवसांची संख्या व डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हीं असावींत. व्यापारी नांवें देशोदेशीं बदलतात, मूळ नांव सहसा बदलत नाहीं. आपल्याकडील १९४५ च्या औषध नियमांप्रमाणें ‘एक्स’ परिशिष्टांतील औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, व त्यांतील एक दुकानदार दोन वर्षें जपून ठेवतो; तेव्हां दुसरी प्रत रोग्यानें संभाळावी. आणि ज्या देशीं जावयाचें, वाटेंत ज्या देशीं उतरावयाचें, त्या प्रत्येकाच्या वकिलातींत आधीं चौकशी करावी; तिकीट काढल्यावर नव्हे.

पूर्वीं दस्तकावर धन्याची मोहोर असे, ती मालाच्या बाजूनें बोलत असे. आजची चिठ्ठी रोग्याच्या बाजूनें बोलते. परक्या नाक्यावर वैद्य स्वतः येऊं शकत नाहीं. त्याची साक्ष कागदालाच द्यावी लागते.