हरलेल्या मालिकांचे पाठीराखे

६ ऑक्टोबर १९७४ ला, रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता, जपानी टीव्हीवर एक लढत सुरू झाली आणि ती पार एकतर्फी ठरली. फुजी टीव्हीवर त्या वर्षाच्या सुरुवातीपासून ‘हायडी’ चालू होती. आल्प्सच्या कुरणांत आजोबांकडे राहणाऱ्या अनाथ मुलीची गोष्ट, इसाओ ताकाहाता यांचं दिग्दर्शन, दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी यांची, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून बघता येईल असा विषय. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ उतरली. महायुद्धात बुडालेल्या युद्धनौकेचं अंतराळयान केलं जातं आणि किरणोत्सर्गाने होरपळलेली पृथ्वी वाचवणारं यंत्र आणायला ते दूरच्या ग्रहाकडे निघतं, असं तिचं कथानक. ‘हायडी’ बघणारे वीस टक्क्यांच्या घरात, तर ‘यामातो’ बघणारे सहा-सात टक्क्यांच्या आसपास. एकोणचाळीस भागांचा बेत सव्वीस भागांत गुंडाळावा लागला आणि मार्च १९७५ अखेर मालिका संपली. तरी आज ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा, इतिहास लिहायला बसलेल्या कोणालाही ‘यामातो’ टाळून पुढे जाता येत नाही. जुन्या ॲनिमेपैकी काय अभिजात ठरलं याचा निवाडा पहिल्या प्रक्षेपणाच्या आकड्यांनी केला नाही आणि समीक्षकांनी तर नाहीच नाही, कारण तेव्हा या माध्यमाला समीक्षक जवळजवळ नव्हतेच. तो केला मालिका संपल्यावरही तिच्याबद्दल बोलत राहिलेल्या चाहत्यांनी. हे विधान सरसकट खरं नाही, त्याला मर्यादा आहेत आणि त्यांच्याकडे पुढे यावंच लागेल. पण आधी हे बोलणं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू.

घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर तेव्हा जवळजवळ कुणाकडेच नव्हता. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आलं, आणि सुरुवातीची त्यांची किंमत शाळकरी पोरांच्या आवाक्याबाहेरची. एकदा दाखवलेला भाग पुन्हा बघायला मिळेल की नाही हे वाहिनीच्या मर्जीवर. मग मुलं काय करत? टीव्हीपुढे कॅसेट रेकॉर्डर ठेवून नुसता आवाज टेप करून घेत, घरच्यांना तेवढा वेळ गप्प बसवत. कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढत. श्रेयनामावलीतली नावं घाईघाईने वहीत उतरवून घेत आणि कुठला भाग कुणी रेखाटला याच्या याद्या करत. स्टुडिओत जाऊन रंगवलेले पारदर्शक सेल मागून आणत, कारण चित्रीकरण झालं की स्टुडिओच्या लेखी तो कचराच. मग ही सगळी माहिती स्टेन्सिल कापून, शाईने हात काळे करून छापलेल्या पत्रिकांतून एकमेकांना टपालाने जाई. मतभेदही त्याच पत्रिकांतून चालत. १९७२ च्या ‘ट्रायटन ऑफ द सी’ या मालिकेभोवती असे चाहते-मंडळ जमले आणि त्यात मुलींचा पुढाकार मोठा होता. त्या मालिकेच्या शेवटच्या भागात नायकाची बाजू खरोखर न्यायाची होती का, असाच प्रश्न उभा राहतो. मुलांच्या कार्यक्रमाने असा पेच टाकून निरोप घेतल्यावर वाद घालायला विषय आयताच मिळाला. डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योत पहिलं कॉमिकेट भरलं, म्हणजे हौशी लेखक-चित्रकारांनी स्वतः छापलेल्या पत्रिका विकण्याचा बाजार. त्यात जेमतेम बत्तीस गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती, आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली. ॲनिमेचा चाहता म्हटलं की चष्मा लावलेला एकलकोंडा तरुण डोळ्यांपुढे येतो. ते चित्र बरंच नंतरचं आहे.

‘यामातो’ याच वाटेने परत आली. पुनःप्रक्षेपणात तिचा प्रेक्षक वाढत गेला. १९७७ मध्ये ‘आउट’ या नव्या मासिकाने दुसऱ्याच अंकात तिच्यावर मोठा विशेष विभाग काढला आणि तो अंक हातोहात संपला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मालिकेची कापाकापी करून जोडलेला चित्रपट तोक्योतल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पोरं आदल्या रात्रीपासून रांगेत होती. ‘स्टार वॉर्स’ जपानमध्ये आला तो १९७८ च्या उन्हाळ्यात. म्हणजे अंतराळाचं वेड अमेरिकेहून आयात झालं आणि ‘यामातो’ त्या लाटेवर तरली, हे सहज सांगितलं जाणारं कारण तारखांपुढे टिकत नाही. यावर एक वजनदार आक्षेप आहे. निर्माता योशिनोबु निशिझाकी हा पट्टीचा विक्रेता होता. त्याने चाहते-मंडळांना हाताशी धरलं, पोस्टर चिकटवायला लावले, रेडिओवर गाण्याच्या फर्माइशी पाठवायला लावल्या. मग हे चाहत्यांचं कर्तृत्व की एका धूर्त माणसाचं? निशिझाकीचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण हाताशी धरायला मंडळं आधी असावी लागतात, आणि ती त्याने बांधलेली नव्हती. वाहिनीने मालिका आवरती घेतल्यानंतरच्या दोन वर्षांत, कुणाचाही पैसा नसताना, ती जागोजाग उभी राहिली होती.

याहून बोलका पुरावा एका मासिकाच्या जन्मकथेत आहे. ‘यामातो’च्या यशामुळे तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये ‘ॲनिमेज’ काढायचं ठरवलं. संपादनाच्या कामाला जुंपलेल्या तोशिओ सुझुकी यांना ॲनिमेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि अंक तर काही आठवड्यांत काढायचा होता. तेव्हा त्यांनी गाठलं ते शाळेत शिकणाऱ्या काही चाहत्या मुलींना, आणि त्यांच्याकडूनच धडे घेतले, असं सुझुकींनी स्वतः सांगितलेलं आहे. या मुलींनी सांगितलेल्या नावांत एक होतं ‘होरुस’, ताकाहातांनी तोएई स्टुडिओत दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. १९६८ चा हा चित्रपट तयार व्हायला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला, तो थोड्याच दिवसांत पडद्यावरून उतरला, आणि कंपनीने त्याचं खापर दिग्दर्शकावर फोडलं. दहा वर्षांनंतर त्याची आठवण धरून होत्या त्या शाळकरी मुली. तो लागला तेव्हा त्या अगदी लहान असणार; म्हणजे हे नाव त्यांच्यापर्यंत पोचलं ते चाहत्यांच्या आपसातल्या बोलण्यातून. सुझुकींनी ताकाहातांना फोन लावला. ताकाहातांनी मुलाखत का देणार नाही हे तासभर समजावून सांगितलं आणि फोन मियाझाकींकडे दिला. मियाझाकी म्हणाले, सांगण्यासारखं खूप आहे, सोळा पानं द्या. त्या अंकापुरतं काही जमलं नाही, पण ओळख राहिली. मियाझाकींची ‘नौसिका’ ही चित्रकथा १९८२ पासून ‘ॲनिमेज’मध्येच येऊ लागली, १९८४ मध्ये तिचा चित्रपट झाला आणि पुढच्या वर्षी स्टुडिओ जिबली उभा राहिला. त्या मुली नसत्या तर जिबली नसता असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण सुझुकी-ताकाहाता-मियाझाकी हे त्रिकूट जुळलं ते एका पडलेल्या चित्रपटाच्या चर्चेमुळे, हे मात्र खरं.

‘गंडाम’च्या बाबतीत हाच खेळ पुन्हा झाला आणि इथे आक्षेप जास्त धारदार आहे. योशियुकी तोमिनो यांची ही मालिका एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. यंत्रमानवांची खेळणी विकणं हा तिचा व्यापारी हेतू, पण तोमिनोंनी त्यात थकलेले सैनिक, निर्वासित आणि शत्रूच्या बाजूचीही सहानुभूतीने रंगवलेली माणसं आणून बसवली. खेळणी खपेनात. बावन्न भागांची मालिका त्रेचाळिसाव्या भागाला, जानेवारी १९८० मध्ये, बंद झाली. त्याच वर्षी जुलैत बांदाई कंपनीने तीनशे येनला मिळणारे, घरी जोडायचे प्लास्टिकचे नमुने काढले आणि दुकानांपुढे झुंबड उडाली. तेव्हा ‘गंडाम’ला प्लास्टिकने वाचवलं, गप्पांनी नव्हे, असं कोणी म्हणालं तर? क्रम पाहावा लागतो. लहान मुलांसाठीचं चकचकीत खेळणं आधी बाजारात होतंच आणि ते पडलं होतं. खपले ते प्रमाणबद्ध, रंगवावे लागणारे, जोडायला वेळ घेणारे नमुने. ज्यांना गंडामचा कोणता प्रकार कोणत्या लढाईत होता हे तोंडपाठ होतं अशा थोराड पोरांसाठीचे. हा गिऱ्हाइकवर्ग मासिकांच्या वाचकपत्रांतून आणि चाहत्यांच्या पत्रिकांतून आधीच तयार झाला होता. बांदाईने तो ओळखला, एवढं तिचं श्रेय.

२२ फेब्रुवारी १९८१ ला, पहिल्या ‘गंडाम’ चित्रपटाच्या आधी, तोक्योतल्या शिंजुकु स्टेशनच्या पूर्वेकडच्या चौकात जाहीर मेळावा झाला. पंधरा हजारांच्या आसपास तरुण जमले आणि गर्दी हाताबाहेर जायची वेळ आली. तोमिनोंनी माइक हातात घेऊन शांत राहायला सांगितलं. इथे अपघात झाला तर ॲनिमेवाली पोरं अशीच म्हणून मोठी माणसं बोट दाखवतील, असा त्यांचा रोख. मग ‘ॲनिमेचं नवं शतक’ जाहीर करणारा मजकूर वाचला गेला. तो वाचणारे दोघे मालिकेतल्या पात्रांच्या वेशात आले होते: मामोरु नागानो आणि मारिया कावामुरा. नागानो पुढे तोमिनोंच्याच मालिकांसाठी यंत्रमानव रेखाटू लागले आणि कावामुरा आवाज देणाऱ्या कलाकार झाल्या. जाहीरनाम्याची भाषा भाबडी होती हे कबूल करायला हरकत नाही. प्रसिद्धीचा भाग त्यात होताच. पण पडद्यासमोरची माणसं पडद्यामागे जाण्याचा तो काळ होता. त्याच वर्षी ओसाकात विज्ञानकथा संमेलनाच्या उद्घाटनासाठी काही विद्यार्थ्यांनी हाताने छोटा चित्रपट करून दाखवला. त्यातले हिदेआकी आन्नो पुढे ‘नौसिका’वर काम करून आले, मित्रांच्या गायनॅक्स स्टुडिओत रमले आणि १९९५ मध्ये त्यांनी ‘इव्हँजेलियन’ ही मालिका केली. तिच्या शेवटच्या दोन भागांवर चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की १९९७ च्या चित्रपटात वेगळा शेवट आला, आणि त्यात चाहत्यांच्या निरोपांचे अंश क्षणभर पडद्यावर झळकून गेले. त्यांत शिव्याही होत्या. चर्चा म्हणजे नुसतं कौतुक, असा समज असेल तर तो इथे गळून पडावा.

आता मर्यादा. चाहत्यांची आवड अरुंद होती आणि आहे. १९६९ पासून दर रविवारी अखंड चालणारी ‘साझाए-सान’ ही मालिका जपानमध्ये जेवढ्या घरांनी पाहिली तेवढी ‘गंडाम’ कधीच पाहिली नाही, पण तिच्यावर कुणी रात्र-रात्र वाद घालत नाही. ‘हायडी’लाही अशा फौजेची गरज पडली नाही; ती युरोपभर दाखवली गेली आणि घराघरांतल्या आठवणींवर टिकली. तेव्हा अभिजात होण्याचे दोन रस्ते मानावे लागतात. एक कुटुंबाचा, जिथे आईने पाहिलेलं मूल पाहतं आणि बोलण्याची गरजच पडत नाही. दुसरा चाहत्यांचा. पहिल्या रस्त्यावर पहिल्याच खेपेला जिंकावं लागतं. हरलेल्यांना दुसराच रस्ता मोकळा असतो, आणि माध्यमाला नवं वळण देणाऱ्या कृती बऱ्याचदा हरलेल्यांतल्याच असतात. अर्थात चाहत्यांनी उचलली नाही म्हणून बुडालेली एखादी चांगली मालिका असेलच. तिचं नाव आपल्याला ठाऊक नसणं हाच या व्यवस्थेचा दोष.

भारतात पहिला रस्ता आधी खुला झाला. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारी ‘जंगल बुक’ जपानी होती हे पाहणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होतं? लक्षात राहिलं ते गुलजारांचं शीर्षकगीत. युगो साको यांनी मुंबईच्या राम मोहन यांना सोबत घेऊन केलेला ‘रामायण’ १९९२ मध्ये पूर्ण झाला, चित्रपटगृहांत फारसा दिसला नाही, आणि कार्टून नेटवर्कवर पुन:पुन्हा लागत राहिल्याने एका पिढीच्या तोंडपाठ झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर चित्रपटगृहांत लागला. वितरकांनी काळाचा वारा पाहून हिशेब केला असेलच. रामकथेला इथे प्रेक्षक शोधावा लागत नाही. पण याच रामकथेच्या इतर ॲनिमेशनपटांना ती संधी मिळाली नाही, कारण त्यांच्यामागे चित्रफिती जपणारे आणि ‘तो जपानी रामायण पुन्हा दाखवा’ म्हणणारे लोक नव्हते. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागला तो चाहत्यांनी हजारो सह्यांची मागणी केल्यावर. शिंजुकुच्या चौकातला जमाव आणि या सह्या यांची जात एकच.

आज सगळं काही मोबाइलवर मिळतं, मग चाहत्यांच्या राखणीची गरज काय, असा प्रश्न नवे प्रेक्षक विचारतात. करार संपला की मालिका मंचावरून रातोरात उतरते, हे त्यांनीही अनुभवलेलं असतं. शिवाय चाहत्यांची कुजबुज आता निर्मात्यांच्या हिशेबाचाच भाग आहे. दुसरा हंगाम काढायचा की नाही हे ठरवताना ती मोजली जाते, तिला खतपाणी घातलं जातं. १९७५ च्या पत्रिकांना कुणी मोजत नव्हतं. आणि राखण झाली नाही तर काय होतं याचा दाखला आपल्या घरातल्या लाडक्या डोरेमॉनचाच आहे. आपण पाहतो ती मालिका १९७९ मध्ये सुरू झालेल्या परंपरेतली. त्याआधी १९७३ मध्ये निप्पोन टीव्हीवर पहिली ‘डोरेमॉन’ सहा महिने चालली होती. तिचा स्टुडिओ बंद पडला, फिल्म पांगल्या, नंतर ती अधिकृतपणे कधी बाजारात आली नाही. निर्मितीत काम केलेल्या एकाने जपून ठेवलेली काही रिळं सोडली तर तिचं फार थोडं हाती आहे. आज तिच्यावर चर्चा करणारे चाहते भागांची नावं, आवाज देणाऱ्यांची नावं आणि प्रक्षेपणाच्या तारखा जुळवत बसतात.