नाट्यपंढरीतलं ‘न कळणारं’ नाटक

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. तेव्हापासून आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या हौशी संस्था दरवर्षी तालमी धरतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी एसटीतला. दिवसभर नोकरी आणि रात्री तालीम. बहुतेक जण कौटुंबिक किंवा ऐतिहासिक नाटक निवडतात. पण अधूनमधून एखादी संस्था असं नाटक घेते ज्यात गोष्टच नसते. माणसं येतात, बोलतात, वाट बघतात, पडदा पडतो. अशा नाटकाला मराठीत ‘असंगत’ किंवा सरळ ‘अ‍ॅब्सर्ड’ म्हणतात. उर्दूत शब्द आहे ‘लायानी’, म्हणजे ज्याचा अर्थ होत नाही ते.

प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं : “हे आपलं नाही. परदेशातलं खूळ आहे.”

‘कळलं नाही’ या तक्रारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. मलाही पुष्कळदा कळत नाही. पण ‘हे आपलं नाही’ हा दावा इतिहासाचा आहे, आणि इतिहास तपासता येतो.

सुरुवात सांगलीतूनच करू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं. ही मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात, म्हणूनच सांगली ‘नाट्यपंढरी’. पण ते नाटक होतं कसं? आजच्यासारखी लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला सुचेल तसं बोलायची. विदूषक मध्येच येऊन सूत्रधाराची खोडी काढायचा. राक्षस आरडाओरडा करत यायचे. पुढच्या पिढीने या खेळांना ‘अलल्डुर्र’ नाटकं म्हणून हिणवलं, ते त्या आरोळ्यांवरूनच. म्हणजे निरर्थक आवाज, विदूषकी आणि प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडलेलं नेपथ्य, हे सगळं आमच्या मातीत पॅरिसच्या शंभर वर्षं आधी होतं. भावे अ‍ॅब्सर्ड नाटककार होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या खेळामागे रामकथा होती, अर्थाची खात्री होती. बेकेटकडे ती खात्री नाही, आणि खरा फरक तिथे आहे. पण साधनं ओळखीची आहेत.

आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली. मुंबईत १८५३ मध्ये तिने राजा गोपीचंदाचं नाटक हिंदुस्थानीत केलं. मुंबईचा प्रेक्षक अनेक भाषांचा होता, त्याला सगळ्यांना समजेल अशी बोली हवी होती. मराठी नाटकाची पहिली कंपनी दहा वर्षांत दुसऱ्या भाषेत उभी राहिली आणि त्यामुळे मराठीचं काही कमी झालं नाही.

हे मला महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका प्रयोगानंतर माझं नाव ऐकून शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, “तुम्हाला मराठी नाटक कळतं?” त्या संध्याकाळी ते कुणालाच नीट कळलं नव्हतं, पण प्रश्न मला एकट्याला आला. नाटकाला ‘आपलं नाही’ म्हणणं आणि माणसाला ‘आपला नाही’ म्हणणं, दोन्हींमागची सवय एकच.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ पॅरिसमध्ये जानेवारी १९५३ मध्ये रंगमंचावर आलं. मुंबईत १९६० च्या सुमारास विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि डॉ. श्रीराम लागू यांनी ‘रंगायन’ उभी केली. लागूंचा जन्म साताऱ्याचा. रंगायनने आयनेस्कोचं ‘खुर्च्या’ मराठीत आणलं. चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ही तिनेच केलं. त्यातला नायक विदूषक आहे, आणि त्याचा साज आपल्या लोकनाट्याचा आहे.

पण सांगली-मिरजेच्या माणसाने आवर्जून पाहावं असं नाटक म्हणजे सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते १९७९ मध्ये केलं. बर्वे हा संगीत नाटकात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला माणूस. कंपन्या बुडाल्या, आता तो श्यामरावाच्या धाकात उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याला आपल्या स्वप्नातली नलावडेबाई समजतात. बर्वेही ते स्वप्न अंगावर घेतो. लग्न होतं, डोहाळे लागतात, आणि शेवटी श्यामराव सगळं मोडून टाकतो.

बर्वे ज्या काळाला चिकटून बसला आहे तो काळ आमच्याच परिसरात घडला. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतलेच्या भूमिकेत पहिलं पाऊल टाकलं ते मिरजेत. किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व संगीत नाटकात स्त्रीभूमिकांमध्ये गाजले. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर स्वतः रंगमंचावर उभी राहिली. स्त्रिया आल्या, बोलपट आले आणि लुगडं नेसणाऱ्या नटांचं काम संपलं. इतिहासाने मोठ्या नटांची नावं जपली. बर्व्यासारखा मागच्या रांगेतला नट कुठे गेला, हे विचारायला मात्र ‘असंगत’ नाटकच लागलं.

म्हणजे हा प्रकार जिथे रुजला तिथे तो स्थानिक माणसाच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. जगातही हेच दिसतं. कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात १९ नोव्हेंबर १९५७ रोजी सुमारे १४०० कैद्यांपुढे ‘गोदो’ झालं. विद्वान गोंधळले होते, पण वाट पाहणं म्हणजे काय हे कैद्यांना समजावून सांगावं लागलं नाही. १९८४ मध्ये हैफाच्या रंगभूमीवर ते दोन वाटसरू अरब मजूर झाले. आपसात अरबी आणि पोझोशी हिब्रू बोलणारे. ऑगस्ट १९९३ मध्ये वेढ्यात अडकलेल्या साराएवोत सुझन सोन्टॅगने ते मेणबत्त्यांच्या उजेडात केलं, आणि फक्त पहिला अंक ठेवला.

वर्गात मी मुलांना या नाटकाचं नेपथ्य सांगतो : गावाकडचा रस्ता, एक झाड, संध्याकाळ. मग मराठीत विचारतो, माणूस काय पाहतो? ‘वाट’. उर्दूत? ‘राह’. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ रस्ता. दोन्ही भाषांत थांबलेला माणूस रस्त्याकडेच बघतो. बेकेटने दोन माणसांना रस्त्याच्या कडेला उभं केलं, आणि आपल्या दोन्ही भाषांनी ते चित्र एकेका शब्दात आधीच साठवून ठेवलं होतं. हे सांगितल्यावर ‘सर, हे परदेशी आहे’ असं कुणी म्हणत नाही. दुष्काळी पट्ट्यातली मुलं पावसाची वाट सांगतात, कुणी आखातात गेलेल्या वडिलांची.

आपल्या घरांतून नाटकाला अजून नाक मुरडलं जातं, हेही खरं आहे. पण ‘घाशीराम कोतवाल’ ज्यांनी बसवलं ते डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना त्यांना किंवा मिरजेच्या खाँसाहेबांना वगळता येत नाही. तेव्हा प्रेक्षागृहातली जागा आपण मागायची नाही, ती आपलीच आहे. फक्त जाऊन बसायला हवं.

आपल्या गावातल्या एखाद्या हौशी संस्थेने पुन्हा असं नाटक लावलं, तर तिकीट काढून जा. अशा प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या राहतात आणि पदरचे पैसे नटांचे जातात. मुलांनाही घेऊन जा. घरी येताना ‘काय कळलं?’ असं विचारू नका. ‘तू कुणाची वाट बघतोस?’ असं विचारा.