जुहूची दमट हवा आणि कीटकसंग्रहावरील बुरशी

समुद्राला लागून असलेल्या जुहूत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास असते. कपाटातील चामडी पट्टे आणि पुस्तके जिथे बुरसतात, तिथे टाचणीवर लावलेली फुलपाखरे आणि भुंगेरे कसे सुटावेत? आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली, की मृत कीटकाच्या मिशा, पाय आणि सांध्यांवर पांढरट तंतू दिसू लागतात.

हे नुकसान केवळ शोभेचे नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फोर्टमधील संग्रहासारख्या ठिकाणी कीटकाइतकेच मोल त्याच्या टाचणीवरील चिठ्ठीला असते. स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव त्यावर असते. जुहूच्या वाळूत काही दशकांपूर्वी टिपलेला भुंगेरा आज त्याच जागी मिळेलच असे नाही. बुरशी मिशा आणि पायांवरील सूक्ष्म केस झाकून टाकते. जात ओळखण्याच्या खुणा नेमक्या तेथेच असतात.

बुरशी दिसताच बाधित नमुना वेगळ्या पेटीत हलवावा. ओल्या बुरशीला हात लावू नये, ती पसरते. सुकलेल्या सिलिका जेलसह नमुना एक-दोन दिवस बंद डब्यात ठेवल्यास बुरशी कोरडी होते. उन्हात मात्र ठेवू नये, रंग उडतात.

त्यानंतर मऊ, बारीक कुंचला इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून भिंगाखाली तंतू टिपून घ्यावेत. कुंचला शरीराकडून टोकाकडे फिरवावा, नाहीतर मिशी तुटलीच म्हणून समजा. चिठ्ठी आधी काढून ठेवावी, कारण अल्कोहोलने शाई फुटते. ती त्याच टाचणीवर परत लावण्यास विसरू नये. फुलपाखरांच्या पंखांवर कुंचला घासल्यास खवले निघून जातात, तेव्हा तिथे अल्कोहोलचा थेंब अलगद सोडून भागवावे. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने जवळ दिवा नसावा. मुखपट्टी आणि हातमोजे आवश्यकच, कारण बुरशीचे बीजाणू श्वासावाटे जातात आणि जुन्या नमुन्यांना पूर्वी सोमल किंवा पाऱ्याचे विषारी क्षार लावले जात.

टाचणीभोवती हिरवा, मेणचट थर दिसला, तर ती बहुधा बुरशी नव्हे. पितळी टाचणीतील तांबे आणि कीटकाच्या अंगातील चरबी यांच्या संयोगाने तो तयार होतो. खाऱ्या हवेत साध्या पोलादी टाचण्याही गंजतात, म्हणून जुहूसारख्या ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या वापराव्यात.

सर्वांत रूढ गैरसमज डांबरगोळीचा आहे. तिने नमुने खाणाऱ्या किड्यांना अटकाव होतो. दमट पेटीतील बुरशीवर तिचा भरवसा धरता येत नाही. थायमॉल, म्हणजे ओव्यातून मिळणारे द्रव्य, बुरशीरोधक म्हणून वापरले जाई. पण त्याच्या स्फटिकांचा कागद वा प्लॅस्टिकला स्पर्श होऊ देऊ नये. खरा इलाज कोरडेपणाच. घट्ट झाकणाची पेटी, तिच्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते. जून ते सप्टेंबर पेट्या दर आठवड्याला तपासाव्यात, मात्र मुसळधार पावसाच्या दिवशी त्या उघडू नयेत.