तळटीप : ‘दात हलले का खर्र्याले दोष देतेत’

* मूळ वाक्य घाटंजी–पांढरकवडा भागातल्या बोलीतले आहे, म्हणून तसेच ठेवले. खर्रा यवतमाळकरांना सांगायला नको. इतरांसाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेले मिश्रण. तंबाखूची गोळी रोज जिथे दाबून ठेवली जाते, तिथली हिरडी दातावरून सरकते. तेवढा दोष खरा. पण दात हलतो तो आधाराचे हाड झिजल्यामुळे, आणि ते जंतूंपेक्षा आपल्याच बेलगाम प्रतिकारशक्तीमुळे अधिक झिजते. कीटणातल्या जंतूंवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींपैकी टीएच-१७ पेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यांना आवर घालतात नियामक टी-पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळून देण्यात आले.

गंमत अशी की सुजलेल्या हिरडीत नियामक पेशी बऱ्याच सापडतात, तरी झीज थांबत नाही. जपानी संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत दाखवले की दाहात त्यांतल्या काही पेशी पक्ष बदलून टीएच-१७ होतात, आणि हाडाचे सर्वाधिक नुकसान याच बंडखोर करतात. या संशोधकांच्या मते दात पडला की जंतूंचा आसराही जातो. म्हणजे हा शरीराचा बचावच, फार महागडा.