सांगडीला जे जमले नाही

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आज आपण विचारांची, माणसांची, जुन्या-नव्याची जोडी जुळवताना वापरतो. सांगड ही मुळात पाण्यावर तरंगणारी वस्तू. दोन सुके भोपळे दोरीने एकमेकांना बांधले की सांगड होई, आणि दोन होड्या शेजारी शेजारी जखडल्या तरी तिला सांगडच म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात हे अर्थ नोंदलेले आहेत. नद्यांवर पूल नव्हते तेव्हा माणसे सांगडीच्या आधाराने पैलतीर गाठत. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधले जाई. त्यामुळे लाईफ जॅकेटचे कूळ शोधायला निघालेल्या मराठी माणसाला ते आपल्या सांगडीचेच वंशज वाटणे स्वाभाविक आहे. इतर देशांतल्या लोकांनीही अशाच वंशावळी मांडल्या आहेत. निमरुदच्या राजवाड्यातले, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले असिरियन शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत हवा भरलेली कातडी पोटाशी धरून नदी ओलांडणारे सैनिक दिसतात. गॉल टोळ्यांनी रोमला वेढा घातला असताना एक निरोप्या बुचाच्या आधाराने टायबर नदी पोहून गेला, असे प्लुटार्कने लिहिले आहे. या हिशेबाने लाईफ जॅकेटचे कूळ जवळजवळ तीन हजार वर्षे मागे नेता येते. मला मात्र ही वंशावळ मान्य नाही. सांगड, पखाल आणि बूच ही पोहणाऱ्याची साधने आहेत. आज आपण ज्याला लाईफ जॅकेट म्हणतो ते न पोहणाऱ्यासाठी, त्याहीपेक्षा शुद्ध हरपलेल्या माणसासाठी घडवलेले आहे. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला.

हा भेद समजून घ्यायला पाण्यातल्या शरीराकडे पाहावे लागते. माणसाचे शरीर समुद्राच्या पाण्याहून किंचितच हलके असते. छातीत हवा असेपर्यंत ते पृष्ठभागाशी राहते, पण राहते जेमतेम. डोके पाण्याबाहेर काढायचे तर डोक्याच्या वजनाइतका, म्हणजे चार-पाच किलोंचा, वरचा आधार लागतो. दोन भोपळ्यांना तो सहज देता येतो. म्हणजे तरंगवण्याचा प्रश्न माणसाने फार पूर्वीच सोडवला होता. खरा प्रश्न हा आधार शरीराला कुठे मिळतो, हा आहे. भान असलेला माणूस मान वर धरतो, हातापायांनी तोल सांभाळतो, उलटला तर सुलटा होतो. भान गेले की हातपाय आणि डोके पुढे लोंबतात, फुगीर छाती वर राहते आणि तोंड पाण्यात जाते. कमरेला किंवा पाठीला बांधलेला आधार अशा माणसाला बुडू देत नाही, पण त्याचे तोंडही वर आणत नाही. तो तरंगत असतानाच गुदमरून मरतो. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या भोपळ्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण पोर जागे होते आणि काठावर कोणी ना कोणी मोठे माणूस उभे होते.

यावर पहिला आक्षेप इंग्लंडच्या किनाऱ्यावरून येतो. तिथल्या लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाचे अरुंद तुकडे कॅनव्हासवर शिवून एक बंडी तयार केली, आणि बहुतेक पुस्तके लाईफ जॅकेटचा जन्म तिथेच मानतात. त्यांच्या बाजूने सर्वात जोरकस पुरावा आहे तो व्हिटबीचा. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी त्या गावासमोर वादळात एकामागून एक जहाजे सापडली. गावची लाइफबोट पाच वेळा जाऊन माणसे घेऊन आली आणि सहाव्या खेपेला उलटली. तेरांपैकी बारा जण बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात वॉर्डची नवी बंडी होती, आणि ती घालणारा तो एकटाच होता. वॉर्डचे ऋण मी नाकारत नाही. त्याच्याआधी कोणी न विचारलेला एक मोलाचा प्रश्न त्याने विचारला, की ही वस्तू घालून माणसाला वल्हे मारता येईल का? तुकडे अरुंद ठेवले ते बंडी अंगाबरोबर वाकावी म्हणूनच. संकट येण्याआधीपासून अंगावर असणारे साधन ही कल्पना त्याने रुजवली. तरीही त्याच्या डोळ्यांसमोर वल्हेकरी होता, म्हणजे धट्टाकट्टा, समुद्र जाणणारा, हातपाय चालवणारा माणूस. फ्रीमन तसाच होता.

नौदलांनी बुचाच्या बंड्या इतक्या उशिरा का स्वीकारल्या, याचे एक कारण नेहमी सांगितले जाते. अठराव्या शतकाच्या मध्यावर जॉन विल्किन्सन या इंग्रज डॉक्टरने बुचाची बंडी सुचवून तिच्यावर पुस्तकही लिहिले होते. पण त्या काळी ब्रिटिश नौदलात सक्तीने पकडून आणलेले खलाशी फार असत, आणि तरंगायचे साधन हाती दिले तर ते किनारा जवळ येताच पळतील अशी अधिकाऱ्यांना भीती होती, असे म्हणतात. ती भीती कितपत खरी होती हे बाजूला ठेवले, तरी या कारणातून एक गोष्ट कळते. ज्याला पळून जाता येईल त्याच्याच संदर्भात हे साधन पाहिले जात होते. जो हलूही शकणार नाही, तो कोणाच्याच विचारात नव्हता.

पुढे कायदे आले. अमेरिकेत १८५२ पासूनच आगबोटींवर तरंगती साधने सक्तीची झाली. पण कायदा मोजत होता ती वस्तू. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची आगबोट पेटली. तिच्यावर बहुतेक बायका आणि मुले होती. त्यांनी छताला टांगलेल्या बंड्या ओढल्या, तेव्हा तेरा वर्षे तिथेच असलेले कापड हातात फाटले आणि आतल्या बुचाचा भुगा डोक्यावर सांडला. ज्या आयांनी आपल्या मुलांना त्या बंड्या बांधून पाण्यात सोडले, त्यांच्या डोळ्यांदेखत ती मुले तळाशी गेली. हजाराहून अधिक जीव त्या दिवशी गेले. त्यानंतरच्या तपासण्यांत याहून भयंकर गोष्ट उघडकीस आली. प्रत्येक बंडीत सहा पौंड चांगले बूच असावे असा नियम होता, आणि वजन भरावे म्हणून एका कारखान्याने बुचाच्या ठोकळ्यांत लोखंडाच्या कांड्या घातल्या होत्या. या कारखानदाराला क्षमा नाही. पण तो नियमच अशा फसवणुकीला वाट देणारा होता. बंडी घातलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर राहते का, एवढीच चाचणी घेतली असती, तर ती कांडी पहिल्याच दिवशी बाहेर आली असती.

पहिल्या महायुद्धात हे आणखी स्पष्ट झाले. ७ मे १९१५ रोजी पाणतीराने फुटलेली ‘लुसिटानिया’ अठरा मिनिटांत बुडाली आणि सुमारे बाराशे माणसे मेली. बोटीवर बंड्यांची वाण नव्हती. पण वाचलेल्यांनी सांगितले की अनेकांनी त्या उलट्या, खालचा भाग वर करून घातल्या होत्या आणि पाण्यात ती माणसे डोके खाली, पाय वर अशी तरंगताना दिसली. घाबरलेल्या, अंधारात धावणाऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा बंडी हातात घेणाऱ्या माणसाची चूक होणारच. हे ज्या रचनेने गृहीत धरलेले नाही, ती रचना अर्धवट आहे.

याच सुमारास बुचाची जागा कापोकने घेतली. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस. आपल्या काटेसावरीच्या कापसाचा तो जवळचा नातलग, आणि उशा-गाद्यांत भरतात तसाच मऊ. त्याचे तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीसपट भार तो पाण्यावर धरतो. जगाचा बराचसा कापोक जावा बेटातून येई. १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि अमेरिकेचा पुरवठा तुटला. तेव्हा तिथल्या शाळकरी मुलांनी रानोमाळ फिरून मिल्कवीड नावाच्या झुडपाची बोंडे गोळा केली. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या कुळातले. रुईचे बोंड फुटले की ‘म्हातारी’ म्हणून ज्याच्या मागे आपली मुले धावतात, तसाच रेशमी कापूस त्यातून निघतो. दोन पोती बोंडांतून एका जॅकेटचे भरण होते, असे मुलांना सांगितले जाई. लढाईतल्या अनोळखी खलाशासाठी मुलांनी रानातून वेचलेला हा कापूस मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. पण कापोकही तेलात भिजला की तरंगेनासा होतो, आणि पाणतीर लागलेल्या जहाजाभोवती समुद्रावर तेलच पसरलेले असते. ब्रिटिश नौदलाच्या बहुतेक खलाशांकडे तर छातीभोवती बांधायचा, तोंडाने फुगवायचा रबरी पट्टा होता. तो माणसाला तरंगवत असे, मान मात्र सावरत नसे. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टॅलबट समितीने हिशेब मांडला, तेव्हा बुडालेल्या जहाजांवरचे बहुतेक खलाशी स्फोटाने किंवा आगीने मेले नव्हते, जहाज सोडल्यानंतर पाण्यात मेले होते असे दिसले. समितीने त्या पट्ट्याला दोष दिला.

पण योग्य प्रश्न त्याआधीच, युद्ध चालू असताना, एका भूलतज्ज्ञाने विचारला होता. विमान पडून समुद्रात कोसळलेला वैमानिक बहुधा जखमी किंवा बेशुद्ध असे. कोणते जॅकेट त्याचे तोंड वर ठेवील? अंग सैल सोडून बेशुद्धीचे सोंग करणाऱ्या स्वयंसेवकावर हे तपासता येत नव्हते. जागा माणूस नकळत मान ताठ धरतोच. ब्रिटिश हवाई दलासाठी काम करणाऱ्या डॉ. एडगर पास्कने मग स्वतःलाच खोल भूल द्यायला लावली. श्वासनलिकेत नळी घातलेला, पूर्ण कपडे केलेला पास्क एकेक जॅकेट चढवून तलावात सोडला जाई, आणि त्याचे वरिष्ठ रॉबर्ट मॅकिंटॉश व सहकारी त्याचे शरीर कसे वळते ते टिपत. काही जॅकेटे त्याला पालथे ठेवत, काहींत तो बुडे. हा प्रयोग एकदा नाही, अनेकदा झाला. बुडालेल्या माणसाला कृत्रिम श्वास देण्याची कोणती पद्धत चांगली, हे ठरवण्यासाठी त्याने औषधाने आपला श्वासही थांबवून घेतला होता. नेमक्या त्याच वर्षांत जर्मन हवाई दलालाही समुद्रात पडलेल्या वैमानिकांचा प्रश्न पडला होता, आणि दाखाउच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याचे उत्तर शोधले गेले. त्यात कित्येक कैदी मेले. युद्धात माणूस वाचवण्याचे शास्त्रही कोणाच्या अंगावर प्रयोग करते, यावरून त्या शास्त्राची योग्यता ठरते. पास्कने आपले अंग पुढे केले. म्हणून आधुनिक लाईफ जॅकेटचा जनक कोण असे विचारले, तर मी त्याचेच नाव घेईन.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘टायटॅनिक’वर साडेतीन हजारांहून अधिक बंड्या होत्या, प्रवासी आणि खलाशी मिळून सुमारे बावीसशे. बंड्या घातलेली शेकडो माणसे तोंड वर ठेवून तरंगलीसुद्धा, आणि तरी गारठून मेली. मग तोंड वर ठेवण्याला एवढे महत्त्व का? उत्तर असे, की जॅकेट माणसाला वाचवत नाही, ते वेळ मिळवून देते. त्या वेळात वाचवणारा पोचला पाहिजे. गोठणबिंदूजवळच्या अटलांटिकमध्ये तो वेळ अर्ध्या तासाच्या आसपास होता आणि पहिले जहाज त्यापेक्षा खूप उशिरा आले. अरबी समुद्र तसा नाही. आपल्या किनाऱ्याचे पाणी कोमट असते, त्यात माणूस तासन्‌तास तग धरू शकतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा जी वाचली त्यांतल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते. होडी येईपर्यंत ज्याचे तोंड पाण्यावर राहिले तो जगला. म्हणून थंड समुद्रांपेक्षा आपल्या समुद्रात लाईफ जॅकेटची किंमत जास्त आहे, कमी नाही.

पास्कच्या प्रश्नाचे आज नियमात रूपांतर झाले आहे. जहाजांवरच्या जीवरक्षक साधनांसाठी १९९६ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत मुळात लिहिले होते, की पालथ्या पडलेल्या बेशुद्ध माणसाला जॅकेटने पाच सेकंदांच्या आत उताणे करावे आणि त्याचे तोंड पाण्यापासून किमान १२० मिलिमीटर वर धरावे. इथे आत कोणते भरण घालायचे आणि ते किती पौंड असावे, याला महत्त्व उरले नाही. मोजला जातो तो माणूस. मानेमागची ती जाड गादी आणि छातीवरचा फुगवटा, ज्यांमुळे जॅकेट घालायला अवजड वाटते, ती याच नियमासाठी आहेत. जॅकेट नुसते खांद्यावर अडकवले आणि पट्टे मोकळे ठेवले, तर पाण्यात ते वर सरकते, माणूस खाली राहतो आणि ही सगळी रचना वाया जाते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. बहुतेकांच्या अंगात जॅकेटे नव्हती, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचे झाले. वाचकहो, घारापुरी असो, मांडवा असो की रेवस, जॅकेट मांडीवर ठेवून बसू नका. बोट धक्क्याला असतानाच ते अंगात घाला, पट्टे आवळा, आणि लहान मुलासाठी त्याच्या मापाचे मागून घ्या.